रक्तातील लोहाचा हिशेब : गोळी की सलाईन?

शासकीय व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. तुम्हांपैकी काहींनी ती घेतली असेल. काहींनी जिभेखाली धरून, बाईंची पाठ वळताच टाकूनही दिली असेल! या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा डागा स्त्री रुग्णालयात मात्र काही गरोदर स्त्रियांना हेच लोह सलाईनमधून, थेट शिरेत देताना दिसते. मग मनात प्रश्न येतो, की सलाईनने काम लवकर होत असेल, तर सर्वांनाच ती का लावू नये? महिनोन्‌महिने गोळ्या गिळण्याची कटकट कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपण थोड्या गणिताच्या मदतीने शोधू.

शरीरातील लोह

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असतो. फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो शरीरभर पोहोचविणे हे हिमोग्लोबिनचे काम. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी तयार होते. मग जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष लागत नाही, चेहरा व नखे फिकट दिसतात. यालाच लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय म्हणतात. तो क्वचित आढळणारा रोग नव्हे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. त्याचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हे मानले जाते.

तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातील लोह वाया जात नाही. प्लीहा व यकृत यांतील भक्षक पेशी ते काढून घेतात आणि नव्या पेशींसाठी परत देतात. अशा रीतीने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरले जाते. बाहेरून फक्त १ ते २ मिलिग्रॅमची भर लागते.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. जादा झालेले लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून सारा बंदोबस्त प्रवेशद्वारावर, म्हणजे लहान आतड्यात असतो. यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरात लोह पुरेसे झाले की हेप्सिडिन वाढते आणि आतड्याच्या पेशींतील लोह रक्तात जाण्याचा दरवाजा बंद होतो. लोहाची टंचाई झाली की ते कमी होते व दरवाजा उघडतो. अंगात दीर्घकाळ दाह किंवा संसर्ग असला तरीही हेप्सिडिन वाढते. अशा वेळी कितीही गोळ्या दिल्या तरी लोह आत शिरत नाही.

चला, हिशेब करू

समजा, उमरेड तालुक्यातील एका खेड्यातील स्त्री सात महिन्यांची गरोदर आहे. तिचे वजन ४५ किलो. एका डेसिलिटर, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात तिचे हिमोग्लोबिन ७ ग्रॅम आहे. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. म्हणजे तिला ४ ग्रॅमची वाढ हवी.

दर किलो वजनामागे ७० मिलिलिटर रक्त धरले, तर तिचे रक्त ४५ × ७० = ३१५० मिलिलिटर, म्हणजे ३१.५ डेसिलिटर.
हवे असलेले जादा हिमोग्लोबिन ३१.५ × ४ = १२६ ग्रॅम.
१ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असते. म्हणून लागणारे लोह १२६ × ३.४ = सुमारे ४२८ मिलिग्रॅम.
शरीराच्या रिकाम्या साठ्यासाठी आणखी ५०० मिलिग्रॅम धरतात. एकूण ९२८ मिलिग्रॅम.

उपचार म्हणून तिला रोज ६० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिल्या, तर पोटात १२० मिलिग्रॅम लोह जाते. त्यातील दहावा हिस्सा शोषला जातो असे मानू, म्हणजे १२ मिलिग्रॅम. पण गरोदरपणाच्या अखेरीस बाळ व आई मिळून रोज सुमारे ६ मिलिग्रॅम लोह खर्च करतात. उरले ६. मग ९२८ भागिले ६ म्हणजे जवळजवळ १५५ दिवस! बाळंतपण तर दोन महिन्यांवर आले आहे. हा हिशेब ढोबळ आहे. लोहाला भुकेलेले आतडे याहून अधिकही शोषते. तरीही अडचण कुठे आहे, हे त्यावरून कळते. गोळी कमजोर नाही, हाताशी दिवस कमी आहेत. बाळंतपणात थोडा रक्तस्राव सर्वांनाच होतो. पण जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिच्या तो जिवावर बेतू शकतो.

शिरेतून लोह देणे म्हणजे आतड्याचा दरवाजा वगळून मागच्या वाटेने आत जाणे. तिला आयर्न सुक्रोज दिले, तर २०० मिलिग्रॅमच्या पाच मात्रा, मध्ये एखादा दिवस सोडून, पुरतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या नव्या औषधाची १००० मिलिग्रॅमची मात्रा पंधरा मिनिटांत एकाच बैठकीत देता येते.

साखरेचे वेष्टन

मग लोहाचा साधा क्षार पाण्यात विरघळवून शिरेत का सोडत नाहीत? रक्तद्रवात एका वेळी जेमतेम ३ ते ४ मिलिग्रॅम लोह असते, आणि तेही ट्रान्सफेरिन या प्रथिनाला बांधलेले. अशा रक्तात एकदम शेकडो मिलिग्रॅम मोकळे लोह सोडले, तर ते रासायनिक क्रियांनी पेशींची नासधूस करील. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे प्रयत्न झाले आणि रुग्णांना त्याचा फार त्रास झाला.

यावर उपाय निघाला तो वेष्टनाचा. लोहाच्या हायड्रॉक्साइडचा सूक्ष्म कण साखरेसारख्या कर्बोदकात गुंडाळायचा. यकृत, प्लीहा व अस्थिमज्जेतील भक्षक पेशी हे कण गिळतात, वेष्टन सोलतात आणि आतील लोह ट्रान्सफेरिनच्या हाती थोडे थोडे देतात. म्हणजे जुन्या पेशींतील लोह परत मिळविणारीच यंत्रणा येथेही कामाला येते. १९५० च्या दशकात आलेल्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होत असे. आजची औषधे पुष्कळ सुरक्षित आहेत, तरी धोका शून्य नाही. म्हणून ती दवाखान्यातच देतात आणि नंतर निदान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत.

सलाईन लावली की लगेच रक्त वाढते, हाही गैरसमज आहे. आपण पुरवितो तो फक्त कच्चा माल. अस्थिमज्जेचा कारखाना नव्या पेशी घडवितो, आणि हिमोग्लोबिन चांगले चढायला दोन ते चार आठवडे लागतात. हिमोग्लोबिन ५ च्याही खाली गेले, तर तेवढा धीर धरता येत नाही. तेव्हा रक्तच द्यावे लागते.

फिकटपणा म्हणजे लोहाचीच कमतरता का?

नाही! १९२८ च्या सुमारास ल्यूसी विल्स या इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये त्यांना एक वेगळा रक्तक्षय दिसला. तो यीस्टच्या अर्काने बरा झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. तुमच्या निळ्या गोळीत ते का असते, हे आता समजले ना?

विदर्भाला तर याहून अधिक सावध राहावे लागते. १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलविषयी लेख लिहिला. या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व लवकर मोडतात. अशा रुग्णालाही रक्त कमी असते, पण मोडलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात तर लोह जादा साठून यकृत व हृदय बिघडू शकते. त्याला तपासणीशिवाय शिरेतून लोह देणे म्हणजे भरल्या कोठारात आणखी पोती रचणे होय. आतड्यातील पहारेकरी अशा वेळी थोडे तरी अडवतो. मागच्या वाटेवर पहारेकरीच नाही. तेथे पहारा डॉक्टरांनी द्यायचा असतो, आणि तो तपासणी व हिशेब करूनच देता येतो.

बाळंतपणानंतर घरी जाण्यापूर्वी शिरेतून एकदाच लोह देणे चांगले, की गोळ्या? हा प्रश्न घेऊन या दशकात अनेक देशांत एक अभ्यास हाती घेण्यात आला. त्यात नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सहभागी झाले.

तुम्ही काय कराल?

तुमच्याजवळ दिवस भरपूर आहेत. म्हणून तुमच्यासाठी गोळीच योग्य. ती रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळत नाही. शौचास काळी झाली तर घाबरू नका. ते न शोषलेले लोह असते. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, कारण चहातील टॅनिन लोह अडवते. उलट क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला मदत करते. तेव्हा भाकर, डाळ व पालेभाजीच्या जेवणाबरोबर आपले नागपुरी संत्रे अवश्य खा. आणि घरात कुणी गरोदर असेल, तर तिची रक्ततपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करून घ्या. तेव्हा कमतरता कळली, तर बहुधा गोळ्यांनीच काम भागते.

स्वाध्याय

१. एका गरोदर स्त्रीचे वजन ५० किलो व हिमोग्लोबिन ८ आहे. ते ११ पर्यंत नेण्यास, साठा धरून, किती लोह लागेल? आयर्न सुक्रोजच्या २०० मिलिग्रॅमच्या किती मात्रा द्याव्या लागतील?
२. दाह असलेल्या रुग्णाला गोळ्यांचा उपयोग का होत नाही?
३. सिकलसेलची तपासणी न करता शिरेतून लोह का देऊ नये?

(पहिल्या प्रश्नाचे उत्तर : ८५७ मिलिग्रॅम, पाच मात्रा.)