आधी सायकली मोजा

चि. मनीषा,


नववीच्या मुलांनी प्रकल्पाला ‘गुन्हेगारी : कारणे व उपाय’ हा विषय घेतलाय म्हणतेस. तो आधी बदल. मुलं नेटवरून चार पानं उतरवतील, वर पोलिसाचं चित्र चिकटवतील आणि तुला गुण द्यावे लागतील. शाळेबाहेरून सायकली चोरीला जातात ना? तेवढंच धर.

कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं, की चोरीला तीन गोष्टी एकाच वेळी एका जागी जमाव्या लागतात : चोरायला टपलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि राखायला कुणी नसणं. पहिल्याचं पोलीस बघतील. उरलेल्या दोन मुलांच्या आवाक्यातल्या आहेत. आठवडाभर शाळा सुटायच्या वेळी त्यांना नुसतं मोजू दे. कुलूप आहे का, असेल तर कशाला? बहुतेकांचं मागच्या चाकाला असतं. त्याने चाक अडतं, पण सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला चाक फिरायला हवं कशाला? फ्रेममधून साखळी काढून खांबाला जखडलेल्या किती, ते वेगळं लिहायचं.

पोलीस ठाण्यात मुलांबरोबर तू जा. तिथला आकडा फक्त नोंदलेल्या चोऱ्यांचा. जुन्या सायकलीपायी ठाण्याच्या चकरा कोण मारतो? म्हणून वर्गावर्गांत निनावी चिठ्ठ्या फिरव. या दोन आकड्यांतली तफावत मला सगळ्या प्रकल्पात मोलाची वाटते. मुख्याध्यापकांना रुचणार नाही, तरी गाळू नकोस.

एका बाबतीत मात्र कडक राहा. चोर कोण, याच्या मागे कुणी लागायचं नाही. संशयिताचा फोटो नाही, ग्रुपवर मेसेज नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. अफवा मोबाइलवरून पसरली होती. नववीतल्या मुलांना हे सांगायला कचरू नकोस.

मोजणीतून सुचेल तो उपाय केलात, की पुन्हा तितकेच दिवस मोजा. पलीकडच्या गल्लीतही मोजा, कारण चोर कधीकधी नुसता तिकडे सरकतो. तसं दिसलं तर तसंच लिहायचं. परीक्षकांना यशाच्या गोष्टी आवडतात, पण ‘फरक पडला नाही’ असं लिहायची मुभा मुलांना तूच द्यायला हवीस.

तक्ते झाले की मला पाठव. पेन्सिलीतले, खाडाखोडीसकट, सुबक करून नकोत.

तुझा,
मामा