घरच्या स्टोरेज सर्व्हरसाठी हार्ड डिस्क कशी निवडावी?



चौथीच्या निरोप समारंभासाठी मुलांचे पहिलीपासूनचे व्हिडिओ शोधायला बसले, तर हार्ड डिस्क नुसतीच टक-टक वाजू लागली. बालसभा, पाठांतर, स्नेहसंमेलन, सगळं त्या एकाच डिस्कमध्ये होतं. एक आई म्हणाली, "मॅडम, आमच्या पोराचं पहिलीतलं बोबडं गाणं तेवढं मिळालं असतं तर..." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग धरमपेठेतल्या घरी पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर ओपनमीडियाव्हॉल्ट हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं आणि घरच्या वाय-फायवर चालणारा स्टोरेज सर्व्हर तयार केला. कॉम्प्युटर जुना चालतो, डिस्क मात्र विचार करूनच घ्यावी लागते. चला तर मग, क्रमाने पाहू.

१) जागा किती लागेल?
एक फोटो ४ एमबीचा धरला तर ५,००० फोटोंना २० जीबी. व्हिडिओला मिनिटाला १३० एमबी धरले तर १० तासांना ७८ जीबी. म्हणजे वर्षाला साधारण १०० जीबी आणि दहा वर्षांत १ टीबी. घरचे फोटो धरूनही ४ टीबी पुरते. कॉम्प्युटरवर ती सुमारे ३.६ टीबीच दिसेल. म्हणून दुकानदाराशी भांडू नका! कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या.

२) सीएमआर की एसएमआर?
हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या रेषा शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कवेलूंसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कवेलू बदलायचं तर वरची उचलावी लागतात ना? तसंच इथे. थोडं बदलायला बरंच पुन्हा लिहावं लागतं आणि डिस्क मंदावते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या सर्व्हरसाठीच विकल्या जाणाऱ्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. पुढे कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. सीगेटची 'आयर्नवुल्फ' मालिकाही सीएमआर आहे. खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या माहितीपत्रकात तपासा.

३) एक नको, दोन घ्या
दोन डिस्क 'मिरर' केल्या की दोन्हींवर तीच माहिती राहते. ४ टीबीच्या दोन घेतल्या तरी जागा ४ टीबीच मिळते, पण एक बिघडली तरी काम थांबत नाही. शक्यतो दोन वेगळ्या दुकानांतून घ्या, म्हणजे एकाच घाण्यातल्या येण्याची शक्यता कमी.

४) नागपूरचा उन्हाळा
मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. बंद कपाटात डिस्क त्याहून तापते. समोर पंखा असलेली, मोकळी जागा द्या. कूलरच्या ओल्या झोतात मात्र ठेवू नका. वीज अचानक जाते, म्हणून लहान यूपीएस हवाच.

५) वॉरंटी
सर्व्हरसाठीच्या डिस्कवर साधारण ३ वर्षांची वॉरंटी असते. पण वॉरंटीत नवी डिस्क मिळते, मुलांचं गाणं नाही. जुनी डिस्क स्वस्तात मिळत असेल तर 'स्मार्ट' अहवालात ती किती तास चालली ते आधी पाहा.

लक्षात ठेवा, मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून एक फोल्डर पुसलं की दोन्हीकडून पुसलं जातं. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या जागी हवी. माझी वर्ध्याला, माहेरी असते. सुटीत गेले की नवी करते.

मोठ्या वर्गांना ४ टीबीचं गणित जरूर घाला, मुलांना मजा येते.

यंदाच्या पहिलीची गाणी आता तीन ठिकाणी आहेत. चार वर्षांनी कुणा आईने मागितली, तर 'नाही' म्हणावं लागणार नाही.