कोडसोबत काय काय ठेवावं?

प्रश्न : मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या नोंदी घेऊन आलेख काढणारा आणि पाणी इशारा पातळीजवळ आलं की कळवणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला आणि गिटहबवर टाकला. सर म्हणतात, ‘मेटाडेटा पूर्ण कर.’ म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर : सरांचं म्हणणं अगदी योग्य आहे. तुमचं रेपो शिरोळचा एखादा शिक्षक उघडेल किंवा पुण्यातला संशोधक. तुम्हाला फोन न करता त्याला प्रोग्राम चालवता आला पाहिजे आणि निघालेल्या आकड्यावर विश्वासही ठेवता आला पाहिजे.

सुरुवात परवान्यापासून करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. त्यामुळे कोड सगळ्यांना दिसत असला, तरी परवाना नसेल तर तो आपल्या कामात वापरायचा हक्क कोणाला आपोआप मिळत नाही. विद्यार्थ्यांसाठी एमआयटी परवाना सुटसुटीत आहे. सुधारलेला कोड पुढे वाटणाऱ्यानंही तो खुलाच ठेवावा असं वाटत असेल, तर जीपीएल घ्या. मजकुरात फेरफार करू नका. मूळ मजकूर असला की गिटहब तो ओळखून परवान्याचं नाव मुख्य पानावर दाखवतं. मात्र पातळीच्या नोंदी तुमच्या मालकीच्या नाहीत. त्या कुठून घेतल्या आणि कोणत्या अटींवर, हे वेगळं नमूद करा.

आता रीडमी. पहिल्या ओळीत ‘फायनल इयर प्रोजेक्ट’ नको. ‘कसबा बावडा येथील राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा आलेख आणि इशारा’ असं सरळ लिहा. इंग्रजी मजकूर ठेवाच, पण मराठीतही लिहा. पुराचं पाणी ज्यांच्या दारात येतं त्यांना ते वाचता आलं पाहिजे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली आहे, हेही तिथेच सांगा.

एककाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे पाणी फूट-इंचात सांगतात. ३९ फूट ९ इंच कोणी ३९.९ असं भरलं आणि तासाभरानं ३९ फूट १० इंच ३९.१० असं, तर पायथॉन दुसरा आकडा ३९.१ समजेल. नदी चढत असताना आलेख उतरेल! म्हणून फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, नाहीतर सगळं मीटरमध्ये बदलून घ्या, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारं छोटं टिपण डेटाशेजारी ठेवा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आहे, हेही लिहा. नोंद मिळाली नसेल तर जागा रिकामी ठेवा, शून्य घालू नका.

बाकीचं तासाभराचं काम आहे. लागणारी पॅकेजेस आवृत्तिक्रमांकासह एका फाइलीत द्या. मुख्य पानावरच्या ‘अबाउट’मध्ये एका ओळीचं वर्णन आणि विषयांचे टॅग भरा. पासवर्ड किंवा एपीआय की चुकून आत गेली असेल, तर फाइल नुसती पुसून भागत नाही, ती जुन्या कमिटमध्ये तशीच राहते. आधी ती की रद्द करा.

नमुना हवा असेल तर पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचं मराठी भाषेच्या डेटासेट आणि मॉडेलचं रेपो बघा. प्रत्येक कामासोबत त्याच्या शोधनिबंधाचा संदर्भ दिलेला आहे. हगिंग फेसवर त्यांच्या मॉडेलच्या रीडमीत अगदी वर भाषा आणि परवाना ठरलेल्या साच्यात भरलेले असतात, म्हणूनच मराठीची मॉडेल्स शोधणाऱ्याला ती गाळणीत सापडतात.

संदर्भ देणाऱ्याच्या सोयीसाठी ‘सायटेशन.सीएफएफ’ ही फाइल ठेवा. तिच्यात तुमचं नाव, शीर्षक, आवृत्ती आणि तारीख भरली की गिटहब संदर्भाचं बटण आपोआप दाखवतं. प्रकल्पात सोबत्यांनी काम केलं असेल तर त्यांचीही नावं इथे आली पाहिजेत. मग सर्न या संस्थेच्या झेनोडोवर खातं उघडून रेपो जोडा. तिथे तुमच्या आवृत्तीची प्रत जपली जाते आणि तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो. क्रम मात्र सांभाळा : आधी जोडणी, मग पहिली रिलीज. जोडणीपूर्वी काढलेली रिलीज झेनोडो आपणहून घेत नाही.