पाणी विकत घेताय? आधी चव ओळखा, मग पैसे मोजा

एकाच घरात आजोबांना बोअरचं पाणी गोड लागतं, सुनेला जारशिवाय घोट उतरत नाही आणि पुण्याहून सुट्टीला आलेला नातू सीलबंद बाटलीच मागतो. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात असं घर शोधावं लागत नाही. तिघांचंही बरोबर असू शकतं, कारण पाण्याची आवड सवयीची असते. पण आवड एक आणि किंमत भलतीच, असं होऊ लागलं की तुमचा खिसा रिकामा होतो. म्हणून कोणतं पाणी कुणासाठी, कितीला आणि घेताना काय बघायचं, ते सांगते.

चवीचा मोठा भाग पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा असतो. त्याचं माप म्हणजे टीडीएस, मिलिग्रॅम प्रति लिटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या चवीच्या वर्गवारीत ३०० च्या आतलं पाणी उत्तम, ६०० पर्यंत चांगलं, ९०० पर्यंत बरं आणि १२०० च्या पुढचं पिववणार नाही असं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० ही योग्य मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलं जातं. आपल्या भागात उन्हाळ्यात बोअर खोल गेली की पाणी मचूळ लागतं, ते या क्षारांमुळे. उलट आरओ प्लँटमध्ये क्षार इतके काढले जातात की जुन्या माणसांना ते पाणी पांचट वाटतं.

तुमची आवड कुठे बसते ते घरीच ठरवा. टीडीएस मीटर ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तीन सारखे पेले घ्या: एकात नळाचं किंवा बोअरचं उकळून गार केलेलं पाणी, दुसऱ्यात जारचं, तिसऱ्यात बाटलीचं. कुठल्या पेल्यात काय आहे ते पिणाऱ्याला सांगू नका. तिन्ही पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, ही अट महत्त्वाची. गारव्यात चव लपते; थंड जारचं पाणी छान लागतं त्यात गारव्याचा वाटा मोठा असतो. कोमट झाल्यावरही जे आवडलं, ते तुमचं पाणी.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. मीटरवर १०० चा आकडा दिसला म्हणजे पाणी सुरक्षित, असं नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत, आणि नायट्रेट किती आहे तेही वेगळं कळत नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि खतांचा वापर जास्त असलेल्या शेतातल्या विहिरींना ही तपासणी हवीच. गावात आधी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटा. सविस्तर तपासणीसाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटलीत एक-दोन लिटर पाणी चालतं. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली मागून घ्या, नमुना बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत पोहोचवा. नुसतं उचलून नेलेलं पाणी दोन दिवसांनी दिलंत, तर अहवालाला अर्थ राहत नाही.

आता जार. रोजच्या घरखर्चाचा खरा प्रश्न हाच आहे. वीस लिटरच्या थंड जारचा दर गावानुसार आणि हंगामानुसार साधारण २० ते ४० रुपये. दिवसाला एक जार म्हटलं तर महिन्याला ६०० ते १२०० रुपये. गावात पाण्याचं एटीएम असेल आणि हंडा-कॅन न्यायला माणूस असेल, तर तेवढंच पाणी बहुतेक ठिकाणी पाच-दहा रुपयांत पडतं. घरपोच आणून देण्याचे आणि गारव्याचे पैसे तुम्ही जारमध्ये मोजता. ते मोजायला हरकत नाही, पण पाणी ‘जास्त शुद्ध’ आहे म्हणून मोजू नका.

कारण सील नसलेला जार म्हणजे सुटं पाणी. त्यावर उत्पादकाचं नाव नसतं, तारीख नसते, परवाना क्रमांक नसतो. म्हणून जबाबदारी तुमच्यावर येते. जार उजेडात धरा. तळाशी हिरवट थर किंवा आत ओरखडे दिसले तर परत पाठवा. झाकण सैल असेल तर घेऊ नका. प्लँट गावातच असतो. एकदा जाऊन बघा. जार आतून कशाने धुतात, शेवटचा पाण्याचा अहवाल कधीचा आहे, हे विचारा. अहवाल दाखवायला खळखळ करणाऱ्याकडून पाणी घेऊ नका. आणि घरातल्या जारची तोटी आठवड्यातून एकदा स्वतः घासा, तिथे बुळबुळीत थर सगळ्यात आधी धरतो.

महिन्याचा जार लावताना चार गोष्टी वहीत लिहून घ्या: अनामत रक्कम किती आणि ती परत कधी, जार फुटला तर भरपाई किती, खाड्याचे पैसे वजा होणार का, आणि एप्रिल-मेमध्ये दर वाढणार असेल तर किती. अनामतीची पावती मागा. कॅलेंडरवर दुधासारख्या खुणा करत राहा, म्हणजे महिनाअखेरीला वाद होत नाही.

घरी आरओ बसवायचा विचार असेल तर यंत्राची किंमत बघून थांबू नका. फिल्टर आणि मेंब्रेनचा वर्षाचा खर्च दोन-चार हजारांच्या घरात जातो. शिवाय एक लिटर पाणी मिळवताना साधारण तीन लिटर बाहेर पडतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा हिशेब जड आहे. ते पाणी भांडी घासायला, फरशीला साठवणार असाल तरच घ्या. मुळात तुमच्या पाण्याचा टीडीएस ५०० च्या आत असेल आणि तपासणीत दुसरा दोष नसेल, तर आरओची गरज नाही. गाळून उकळलेलं पाणी पुरतं.

बाटलीकडे येऊ. दुकानदार सगळ्यालाच मिनरल म्हणतो, पण लेबलवर दोन वेगळे माल असतात. ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे शुद्ध करून भरलेलं पाणी, मानक आयएस १४५४३. ‘नॅचरल मिनरल वॉटर’ म्हणजे विशिष्ट झऱ्याचं किंवा भूगर्भातलं, नैसर्गिक क्षार तसेच ठेवलेलं पाणी, मानक आयएस १३४२८. वीस रुपयांच्या आसपासची बाटली पहिल्या प्रकारची असते, मग नाव कोणतंही असो. दोन नामांकित बाटल्यांच्या चवीत फरक जाणवतो तो शेवटी मिसळलेल्या क्षारांचा. तो आवडला तर तीच घ्या, पण दुसरी बाटली कमी शुद्ध आहे असा अर्थ काढू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. वीस लिटरच्या सीलबंद जारवरचा १२ वरून ५. त्यानंतर अनेक नामांकित कंपन्यांची लिटरची बाटली २० वरून १८ रुपयांवर आली आणि रेल नीर १५ वरून १४ वर. दौंडला गाडी पकडायला जाल तेव्हा फलाटावर रेल नीर मागा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. ‘सुटे नाहीत’ म्हणून वरचा रुपया जातो. एसटी स्थानकावर महामंडळाचं नाथजल मागा. ते आधी लिटरला १५ रुपये होतं. आताची किंमत बाटलीवर वाचूनच पैसे द्या.

लेबलवर काय वाचायचं? एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, भरल्याची तारीख, मुदत, बॅच आणि छापील किंमत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यावरची आयएसआय चिन्हाची सक्ती निघाली, पण ज्या बाटलीवर ते आहे तिचा सीएम/एल क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून खरा-खोटा ठरवता येतो. नावात एक अक्षर बदलून नामांकित ब्रँडसारखं दिसणारं लेबल असेल, तर हे दोन मिनिटांचं काम जरूर करा. झाकणाची कडी तुटलेली असेल तर बाटली परत द्या. टपरीबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली घेऊ नका, आतल्या सावलीतली मागा. आपल्याकडच्या मे महिन्यात ती बाटली किती तापलेली असते, हाताला कळतंच.

महागाचं पाणी घ्यावं का? हिमाचलमधून येणारं ‘हिमालयन’ साध्या बाटलीच्या काही पट पडतं आणि फ्रान्सचं एव्हियाँ लिटरला शेकड्यांत जातं. चव म्हणाल तर एव्हियाँ किंचित भरीव, गुळगुळीत लागतं. ज्याला बोअरच्या पाण्याची सवय आहे त्याला ते आरओपेक्षा जवळचं वाटेल. आवडलं तर सणासुदीला जरूर प्या. पण त्यातल्या क्षारांच्या जाहिरातीसाठी पैसे घालू नका. एव्हियाँच्या लिटरभर पाण्यात साधारण ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरच्या गाईच्या पेलाभर दुधात त्याच्या तिपटीच्या आसपास. हे पाणी कर्जतच्या किराणा दुकानात शोधण्यापेक्षा नगर-पुण्याच्या मोठ्या दुकानातून आणलेलं बरं. ऑनलाइन मागवलंत तर पत्त्यात ४१४४०२ हा पिनकोड आधी टाका. नुसतं ‘कर्जत’ लिहिलं की रायगडातल्या कर्जतशी घोळ होतो आणि परतीचा भुर्दंड तुमच्यावर येऊ शकतो.

बुडबुड्यांचं पाणी आवडणाऱ्यांसाठी आपल्याकडे साधा सोडा आहेच. सहाशे-साडेसातशे मिलीची बाटली वीस रुपयांच्या आसपास मिळते. पेरिए आणि सॅन पेलेग्रिनो ही परदेशी नावं हॉटेलच्या यादीत दिसतात. पेरिएचे बुडबुडे झणझणीत, सॅन पेलेग्रिनोचे मऊ आणि पाणी जास्त क्षारांचं. जेवणासोबत घ्यायला दुसरं बरं. पण मटणाच्या जेवणानंतर जिभेला जे हवं असतं, ते साधा सोडा, लिंबू आणि चिमूटभर मीठ उत्तम भागवतं. इथे कराची एक गोष्ट उपयोगाची आहे. बिनसाखरेच्या, बिनस्वादाच्या साध्या सोड्यावर ५ टक्के कर आहे, आणि साखर किंवा स्वाद घातलेल्या गॅसच्या पेयावर ४० टक्के. म्हणून तयार लिंबू सोडा घेण्याऐवजी साधा घ्या आणि लिंबू घरचं पिळा. छोटी बाटली घ्या. मोठी उघडली की उरलेला सोडा तासाभरात मरतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर लेबलवरचं सोडियम बघा, काही सोड्यांत खाण्याचा सोडा घातलेला असतो.

राशीनला नवरात्रात, सिद्धटेकला अंगारकीला किंवा कर्जतमध्ये गोदड महाराजांच्या रथयात्रेला गाड्यावर सोडा पिणार असाल, तर दोन गोष्टी बघा: बाटलीवर नाव-पत्ता आहे का आणि बर्फाचा रंग. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करण्याचं बंधन आहे. निळी छटा दिसली तर पुढे व्हा. शंका असेल तर बर्फाशिवाय मागा.

गर्दीच्या ठिकाणी बाटलीमागे दोन-पाच रुपये ‘थंड करायचे’ म्हणून घेतले जातात. दुकानदाराला छापील किमतीवर एक रुपयाही घेता येत नाही, फ्रिजचं कारण चालत नाही. बसून खायच्या हॉटेलची गोष्ट वेगळी. तिथे सेवाही दिली जाते, म्हणून जादा किंमत लावता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. त्यामुळे बसल्याबसल्या साधं पाणी मागा, आणि वेटरने न विचारता बाटली ठेवली तर ती उघडण्याआधीच परत द्या. उघडलीत की बिलात आली.

लग्नकार्याचा हिशेब सगळ्यात जास्त फसतो, म्हणून जरा थांबून बघा. पाचशे पाहुणे, मे महिना, माणशी एक लिटर धरलं तर पाचशे लिटर, म्हणजे पंचवीस जार. तीस रुपयांनी साडेसातशे. तेच अडीचशे मिलीच्या बाटल्या ताटामागे दोन ठेवल्या तर हजार बाटल्या. ठोक दर सहा रुपये मिळाला तरी सहा हजार. त्यातल्या कितीतरी दोन घोट पिऊन मांडवात पडलेल्या असतात. पाणीही गेलं, पैसेही गेले, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक उचलायची मजुरी वेगळी. माझा सल्ला स्पष्ट आहे: पंगतीला जार, पेले आणि वाढायला पोरं, बाटल्या फक्त प्रवासाला निघणाऱ्यांसाठी. ठेका देताना जार मोजून घ्या आणि मोजून परत द्या, हरवलेल्या जारचे पैसे शेवटी वधूपित्याच्या गळ्यात पडतात. गाडीभाडं आणि बर्फ दरात धरलाय का, ते आधी विचारा. बाटल्या घेतल्याच तर न फोडलेली खोकी परत घेण्याची बोली ठरवा, आणि हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. मे महिन्याच्या मुहूर्ताला जार किमान पंधरा दिवस आधी सांगून ठेवा. ऐनवेळी दर तोच सांगतो ज्याच्याकडे पाणी आहे.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, व्हॉट्सअॅपसाठी ८८००००१९१५. बिल, बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो आणि ऑनलाइन पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट, एवढं जवळ ठेवा. बिल देत नाहीत अशा टपरीवर मुद्दाम यूपीआयने पैसे द्या, तोच पुरावा होतो. जादा दराची तक्रार वैध मापन शास्त्र विभागाकडे जाते. पाण्यात कचरा, वास किंवा बनावट लेबल असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे, टोल फ्री १८००२२२३६५. अशा वेळी बाटली रिकामी करू नका. झाकण लावून, बॅच क्रमांक दिसेल अशी तशीच ठेवा, आणि त्याच बॅचची न फोडलेली दुसरी मिळाली तर तीही घेऊन ठेवा. भरपाई हवी असेल तर नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही आणि तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरून भरता येते.