पिन ढिली झाली म्हणून टॅब टाकायचा का?

प्रश्न : गेल्या दिवाळीत मुलीच्या सीईटीच्या अभ्यासासाठी साडेपाच हजारांना जुना टॅब घेतला. पावसाळा लागल्यापासून तो चार्जच होईना. वायर एका ठरावीक कोनात धरली तर तेवढ्यापुरता व्हायचा, म्हणून वायरीखाली खोडरबर, वही, चटणीची डबी असे सगळे टेकू लावून झाले. आता त्यांनीही भागत नाही. एका दुकानात म्हणाले, ‘पिन गेलीय, मदरबोर्डचं काम आहे, बाराशे होतील, गॅरंटी नाही.’ दुसऱ्यानं तर उघडूनही न बघता ‘टाकून द्या, नवीन घ्या’ असं सांगितलं. एवढ्याशा पिनेपायी अख्खा टॅब टाकायचा? आणि मुळात ही पिन इतक्या लवकर जाते कशी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : टाकायचा नाही. पण बाराशे रुपये मोजण्याआधी पिनच गेलीय याची खात्री करून घ्या, कारण ‘चार्ज होत नाही’ म्हटलं की पहिला आळ पिनेवर येतो आणि पुष्कळदा ती बिचारी निर्दोष असते.

सगळ्यात आधी टॅब बंद करा आणि मोबाईलच्या उजेडात त्या भोकात बघा. दप्तरात, गादीवर, सोफ्याच्या खाचेत वावरणाऱ्या टॅबच्या पिनेत कापसाचे तंतू आणि धूळ जाते, आणि दर वेळी वायर खोचताना आपणच ती ठासून तळाशी बसवतो. मग वायर शेवटपर्यंत आत जात नाही, ‘टक्’ असा आवाज करून बसत नाही, लोंबकळत राहते. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं नेमकी अशीच दिसतात. लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करून हलक्या हातानं तो बोळा ओढून काढा. सुई, टाचणी, केसांची पिन यांना हातही लावू नका.

पिन टाइप-सी असेल (गेल्या काही वर्षांतले बहुतेक टॅब तसेच आहेत) तर पुढची परीक्षा आणखी सोपी आहे. वायर उलटी करून लावा. या पिनेच्या आत एक चपटी जीभ असते. तिच्यावर वर बारा आणि खाली बारा असे एकूण २४ संपर्क असतात आणि दोन संपर्कांमधलं अंतर अवघं अर्धा मिलिमीटर. सुलट बाजूनं चार्ज होतो आणि उलट बाजूनं होत नाही, असं दिसलं तर एका ओळीतले संपर्क मळलेत किंवा वाकलेत असं समजायला हरकत नाही. दुकानदाराला हे एवढं सांगितलंत तरी त्याचा अर्धा वेळ वाचेल, आणि ‘गिऱ्हाईक माहिती घेऊन आलंय’ हे त्याच्या लक्षात येईल, ते वेगळंच.

आता एक गंमत. स्वस्तातले काही टॅब जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर व्यवस्थित चार्ज होतात, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या नव्या वायरीवर ढिम्म हलत नाहीत. माणसाला वाटतं पिन गेली. खरी गोष्ट अशी, की नवा चार्जर समोर कोणी आहे याची खूण पटल्याशिवाय वीज सोडतच नाही. ही खूण म्हणजे टॅबच्या बोर्डावर बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रेझिस्टर. काही पैशांच्या बचतीसाठी एखाद्या कंपनीनं ते गाळले, की तो टॅब नव्या चार्जरला दिसतच नाही. जुना चार्जर मात्र असली चौकशी करत नाही, त्याच्या तोंडाशी पाच व्होल्ट कायम हजर असतात. तेव्हा शेजारच्यांचा जुना चार्जर आणि दुसरी चांगली वायर लावून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

चार्जर कमी ताकदीचा असला तरी असाच भास होतो. ७००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २७ वॉट-तास. पाच वॉटच्या जुन्या चार्जरनं ती भरायला, काहीही वाया जात नाही असं धरलं तरी, साडेपाच तास लागतात. त्यात मुलगी टॅबवर व्हिडिओ बघत असेल तर जेवढी वीज येते जवळजवळ तेवढीच खर्च होते आणि टक्के जागचे हलत नाहीत. शिवाय टॅब महिनाभर कपाटात पडून पार उतरला असेल, तर सुरुवातीला बॅटरी अगदी सावकाश वीज घेते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. अशा वेळी तासभर तरी वायर लावून ठेवावी आणि धीर धरावा.

हे सगळं करूनही टेकूशिवाय चालत नसेल तर मात्र पिनेचाच दोष, असं म्हणू. आता ती जाते कशी, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

लावून-काढून ती झिजते असा आपला समज असतो. टाइप-सीची पिन दहा हजार वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबानं बनवलेली असते. दिवसातून दोनदा वायर लावली तरी हा हिशेब तेरा वर्षांच्या पुढे जातो. शिवाय झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दामच वायरीच्या टोकात ठेवल्यात, म्हणजे आधी मरेल ती शंभर-दोनशे रुपयांची वायर. टॅबचा घात करते ती पहार. वायर लावलेला टॅब पोटावर किंवा उशीवर उभा धरून वाचायचं, म्हणजे सगळं वजन वायरीच्या टोकावर येतं आणि ते टोक पहारीसारखं पिनेला उचकटत राहतं. पिनेचं धातूचं कवच चार पायांनी बोर्डाला झाळलेलं असतं. त्या झाळकामाला आधी केसाएवढी भेग पडते, मग पिन डुगडुगते आणि शेवटी आतले बारीक पाय बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवरून सुटतात. म्हणजे आत डोकावून बघितलं तर पिन धडधाकट दिसते, पण तिच्या बुडाचा आधार गेलेला असतो. जुन्या मायक्रो यूएसबीत संपर्क पाचच. पण ती एकाच बाजूनं जाते, आणि पोरं अंधारात उलटी खुपसतात, तेव्हा आतली जीभच तुटते.

कोल्हापूरचा पाऊस यात भर घालतो. दमट हवेत मळलेल्या संपर्कांवरून वीज गेली की तांब्यावर हिरवट थर धरतो. जुना टॅब घेताना तर ही गोष्ट मुद्दाम बघावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरलं, तेव्हा भिजलेल्या वस्तू वाळवून पुन्हा चालू करणारेही होतेच. पिनेत हिरवा-पांढरा थर दिसला तर आत बोर्डावरही तो असू शकतो. मग नुसती पिन बदलून भागत नाही, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवावा लागतो. भिजलेला टॅब तांदळाच्या डब्यात ठेवण्यानं काही साधत नाही. तांदूळ तेवढा वाया जातो.

आता दुरुस्ती. दुकानात विचारायचा पहिला प्रश्न ‘किती घेणार?’ हा नव्हे. ‘पिन पट्टीवर आहे की मेन बोर्डावर?’ असं विचारा. काही टॅबमध्ये पिन एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असते, त्याला कारागीर चार्जिंग पट्टी म्हणतात. टॅब उघडायचा, बॅटरी सोडवायची, जुनी पट्टी काढून नवी लावायची. झाळकामाचा संबंध नाही. पट्टी बाजारात मिळत असेल तर या कामाचे बाराशे मला जास्त वाटतात. पण पिन थेट मेन बोर्डावर झाळलेली असेल तर पैसे पार्टचे नसतात, हाताचे असतात, आणि तिथे मी घासाघीस करणार नाही.

कारण ते काम नाजूक आहे. कारखान्यात वापरलेला शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतो, जुना शिशाचा १८३ ला वितळायचा. शिवाय पिनेचे पाय बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात आणि तो थर उष्णता ओढून घेतो. म्हणून ब्लोअरची गरम हवा सोडावी लागते. ती कमी पडली की कारागीर पिन ओढतो आणि खालच्या तांब्याच्या पट्ट्या उखडतात, जास्त झाली की नव्या पिनेचं प्लास्टिक वितळतं किंवा शेजारचे पार्ट सरकतात. चांगला कारागीर आजूबाजूला उष्णता सोसणारी टेप लावतो, फ्लक्स टाकतो, जुन्या सोल्डरमध्ये लवकर वितळणारा सोल्डर मिसळतो आणि मग पिन अलगद उचलतो. तांब्याची पट्टी उखडलीच तर केसाएवढ्या तारेचा जंपर मारतो. तुमच्या दुकानदारानं ‘गॅरंटी नाही’ म्हटलं ते या पट्ट्यांच्या भीतीनं. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला. उघडूनही न बघता ‘टाकून द्या’ म्हणणाऱ्यापेक्षा त्याच्याकडे जा.

नवी पिन आणायची म्हटलं की आणखी एक अडचण येते. बाहेरून सगळ्या टाइप-सी पिना सारख्याच. युरोपीय संघानं तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅबना हीच पिन सक्तीची केली. पण बोर्डाच्या बाजूला पाय किती, किती लांब, पिन बोर्डावर बसते की बोर्डाला खाच पाडून मधोमध, हे मॉडेलगणिक बदलतं. म्हणून कारागिराकडे डब्यांवर डबे भरून पिना असतात आणि तो भिंगाखाली जुनी-नवी शेजारी ठेवून जुळवतो. उद्यमनगरात इंजिनाचा पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून देणारे हात पिढ्यान् पिढ्या आहेत. बाबूराव पेंटरांनी तर १९१८ च्या सुमारास कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला. टाइप-सीची पिन मात्र लेथवर होत नाही. पार्ट मिळाला तरच काम. युरोपात नव्या टॅबची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग पुरवणं जून २०२५ पासून कंपन्यांना बंधनकारक झालंय, आणि त्यात चार्जिंगची पिनही येते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं. आपल्या कंपनीचं नाव तिथे आहे का ते बघा, सेवा केंद्रांची माहिती मिळू शकते.

घरी करून बघू का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेल. पिन पट्टीवर असेल आणि मागचं झाकण नुसत्या खटक्यांवर बसलेलं असेल तर सावधपणे करता येतं. पण ज्या टॅबचा पडदा डिंकावर बसवलाय तो गरम करून उचलावा लागतो. काच तडकली तर नव्या पडद्याची किंमत तुमच्या टॅबहून जास्त निघू शकते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, टोचायची-उचकटायची नाही.

जुन्या टॅबचे दोन धोके वेगळे. दुरुस्तीच्या गडबडीत कोणी ‘रीसेट मारून बघतो’ म्हणालं तर नको म्हणा. टॅबमध्ये आधीच्या मालकाचं गुगल खातं शिल्लक असेल तर रीसेटनंतर तो त्यांचाच पासवर्ड मागतो, आणि पिन नवी पण टॅब बंद अशी गत होते. दुसरं, सिमकार्डाचा टॅब असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तपासा. चोरीचा निघाला तर दुरुस्तीचा प्रश्नच मिटतो.

पिन वाचवायला चुंबकाची टोकं मिळतात, ती पिनेत कायम बसवून ठेवायची आणि वायर नुसती चिकटवायची. सोयीची आहेत, पण कुठल्याही मानकात बसत नाहीत आणि त्यांचे संपर्क उघडे राहतात. मी घेणार नाही.

साडेपाच हजारांच्या टॅबला बाराशे म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडे जास्त. पडदा आणि बॅटरी ठीक असतील तर माझं मत सरळ आहे : करून घ्या. बिलावर पिन बदलल्याचं लिहून घ्या, वायर सुलट-उलट लावून दुकानातच दोन्हीकडून चार्ज होतोय ना ते बघा, आणि संगणकाला जोडून फाइली जातात का तेही. आणि हे सगळं करायच्या आधी, टेकू लावून जेवढे टक्के मिळतील तेवढ्यात, मुलीच्या नोट्स दुसरीकडे उतरवून घ्या.