जकातीला उत्तर जकातीने : कागदावरचा एक प्रयोग

दोन देशांनी एकमेकांच्या मालावर कर बसवले तर काय होईल, हे प्रयोगशाळेत पाहता येत नाही. दोन परीक्षानळ्या घ्याव्यात, एकीत रसायन घालावे, दुसरी तुलनेसाठी तशीच ठेवावी, अशी सोय येथे नाही.

१९३० साली अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयात मालावरील जकाती वाढवल्या. कॅनडासह अनेक देशांनी उलट जकाती बसवल्या. जानेवारी १९२९ मध्ये ७५ देशांची मिळून आयात सुमारे ३०० कोटी डॉलर होती. जानेवारी १९३३ मध्ये ती १०० कोटींच्या खाली आली. पण याच काळात जागतिक महामंदीही होती. मग या घसरणीत जकातींचा वाटा किती आणि मंदीचा किती? अशी कारणे वेगळी करण्यासाठी अर्थशास्त्रज्ञ गणिती प्रतिमान वापरतात. त्याचा एक छोटा नमुना आपण करून पाहू.

छत्र्यांचा हिशेब

समजा, अ देशात छत्रीची किंमत १०० रुपये आहे आणि वर्षाला १ लाख छत्र्या खपतात. त्यांपैकी ६० हजार देशातच तयार होतात. ४० हजार ब देशातून येतात. किंमत एक रुपयाने वाढली की खप एक हजाराने घटतो व देशी उत्पादन एक हजाराने वाढते, असे धरू.

आता अ देशाने प्रत्येक परदेशी छत्रीवर १० रुपये जकात बसवली. ब देशातील विक्रेता आपली किंमत कमी करायला तयार नाही. त्यामुळे बाजारात छत्री ११० रुपयांना झाली. खप ९० हजार, देशी उत्पादन ७० हजार व आयात २० हजार झाली. आता जमाखर्च मांडू.

ग्राहक : ९० हजार जणांनी १० रुपये जादा दिले, म्हणजे ९ लाख. ज्या १० हजार जणांनी छत्री घेतलीच नाही, त्यांचे सरासरी ५ रुपयांचे समाधान गेले, म्हणजे ५० हजार. एकूण तोटा ९.५ लाख.

देशी कारखानदार : आधीच्या ६० हजार छत्र्यांवर ६ लाख व नव्या १० हजारांवर सरासरी ५ रुपयांप्रमाणे ५० हजार. एकूण फायदा ६.५ लाख.

सरकार : २० हजार छत्र्यांवर १० रुपयांप्रमाणे २ लाख.

६.५ आणि २ मिळून ८.५ लाख होतात. तोटा मात्र ९.५ लाखांचा आहे. म्हणजे अ देशाचे निव्वळ १ लाखाचे नुकसान झाले.

विक्रेता नमला तर?

अ देश मोठा गिऱ्हाईक असेल, तर ते गमावण्याच्या भीतीने ब देशाचा विक्रेता किंमत ९५ रुपयांवर आणील. जकात धरून छत्री १०५ रुपयांना पडेल. वरच्याप्रमाणेच हिशेब केला, तर ग्राहकांचा तोटा ४.८७५ लाख, कारखानदारांचा फायदा ३.१२५ लाख आणि सरकारी उत्पन्न ३ लाख येते. आता अ देशाला १.२५ लाखांचा नफा होतो! पण ब देशाचा १.७५ लाखांचा तोटा होतो. दोघांची बेरीज केली तर ५० हजारांचे नुकसानच उरते.

ब देश अर्थातच गप्प बसणार नाही. अ देशाकडून येणाऱ्या, समजा, कंदिलांवर तो तशीच जकात बसवील. आकडे तेच धरले, तर चार शक्यता निघतात :

१. कोणीच जकात बसवली नाही : अ ०, ब ०.
२. फक्त अ ने बसवली : अ +१.२५, ब −१.७५ लाख.
३. फक्त ब ने बसवली : अ −१.७५, ब +१.२५ लाख.
४. दोघांनी बसवली : अ −०.५०, ब −०.५० लाख.

ब काहीही करो, अ ला जकात बसवणेच बरे वाटते. ब लाही तसेच वाटते. प्रत्येक जण आपल्यापुरते शहाणपणाने वागतो आणि दोघेही चौथ्या ओळीत जाऊन पडतात. पहिल्या ओळीत राहण्यासाठी आपसांत करार लागतो. व्यापार करारांचे खरे काम हेच आहे.

मोठी प्रतिमाने

खऱ्या जगात देश दोनच नसतात. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४०० कोटी डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के जकात लागू केली. चीनने त्याच दिवशी तितक्याच अमेरिकी मालावर २५ टक्के जकात बसवली. त्यात सोयाबीन होते. अमेरिकेची चीनला होणारी सोयाबीनची निर्यात २०१७ मध्ये सुमारे १२०० कोटी डॉलर होती. २०१८ मध्ये ती सुमारे ३०० कोटींवर आली. ती जागा मुख्यतः ब्राझीलने घेतली. भांडण दोघांचे, लाभ तिसऱ्याचा!

शिवाय पोलाद महागले की मोटारीही महागतात. एका धंद्याचा माल दुसऱ्याला किती लागतो, याची कोष्टके वासिली लेओंतिएफ यांनी तयार केली. त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नॉर्वेचे लेइफ योहानसेन यांनी १९६० साली अशा कोष्टकांना किमतींची समीकरणे जोडली. आज अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील 'जीटॅप' प्रकल्पात शंभराहून अधिक देशांची माहिती एकत्र असते आणि संगणक हजारो समीकरणे एकदम सोडवतो.

प्रतिमानाची परीक्षा

पण संगणक कितीही मोठा असला, तरी गृहीत चुकले की उत्तर चुकते. आपल्या हिशेबात विक्रेता नमतो की नाही, एवढ्यावरच नफ्याचा तोटा झाला. २०१८ च्या जकातींनंतर मेरी अमिती, स्टीफन रेडिंग व डेव्हिड वाइनस्टीन यांनी आयातीचे प्रत्यक्ष आकडे तपासले. परदेशी विक्रेत्यांनी किमती जवळजवळ उतरवल्याच नव्हत्या. जकातीचा भार अमेरिकेतील खरेदीदारांवरच पडला होता. एवढा मोठा गिऱ्हाईक असूनही, त्या वर्षी तरी निकाल आपल्या पहिल्या हिशेबासारखा लागला! पोलादाच्या बाबतीत मात्र काही काळाने विक्रेते बरेच नमले. म्हणून प्रतिमानाचे उत्तर ऐकताना "तुम्ही काय गृहीत धरले?" हा प्रश्न आधी विचारावा.

करून पाहा

पहिल्याच उदाहरणात जकात १० ऐवजी २० रुपये करा. आयात किती उरते? सरकारला काय मिळते? देशाचे निव्वळ नुकसान ४ लाख येईल. जकात दुप्पट होऊनही नुकसान चौपट का झाले, ते आलेख काढून त्यातील त्रिकोणांच्या क्षेत्रफळांवरून शोधा.