ऐकणारी नायिका : 'सुजाता' व 'बंदिनी'मधील गीतयोजना आणि नूतनचा अभिनय

हिंदी चित्रपटगीतांचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. एक, गीताचे शब्द कविता म्हणून कितपत टिकतात. आणि दुसरे, चाल व गळा यांची थोरवी. पहिला विचार साहित्याचे अभ्यासक करतात, दुसरा संगीताचे रसिक. या दोहोंत गाणे ज्या व्यक्तिरेखेवर चित्रित होते ती अभिनेत्री बहुधा बाजूलाच राहते. तिचा उल्लेख झालाच तर तो सौंदर्याच्या किंवा ओठांच्या हालचाली जुळल्या की नाही याच्या अनुषंगाने होतो. प्रस्तुत लेखात यापेक्षा वेगळा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. चित्रपटात गाणे चालू असताना ते न गाणारी, केवळ ऐकणारी नायिका नेमके काय करीत असते? बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) आणि 'बंदिनी' (१९६३) या दोन चित्रपटांच्या आधारे या प्रश्नाचा शोध घेता येईल. दोहोंची नायिका नूतन, दोहोंचे संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि दोहोंचे पटकथालेखक नवेंदु घोष. दोन्ही भूमिकांसाठी नूतनला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता.

थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. १९३५च्या 'धूपछाँव'मध्ये न्यू थिएटर्सने पार्श्वगायनाचा अवलंब केला आणि पडद्यावरचा चेहरा व गाणारा गळा यांची फारकत सुरू झाली. तरीही पुढची दहाबारा वर्षे शांता आपटे, नूरजहाँ, सुरैया अशा स्वतः गाणाऱ्या नायिकांचा दबदबा कायम होता. १९४९च्या 'महल'मधील मधुबालावरील सुप्रसिद्ध गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर आरंभी लता मंगेशकर यांचे नाव नव्हते. गायिका म्हणून छापले होते ते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातील पात्राचे नाव. फारकत झाली होती, पण ती मान्य करण्याची तयारी नव्हती, असा याचा अर्थ. नूतन या संक्रमणाच्या अलीकडची. तथापि तिला गळा नव्हता असे मात्र नाही. आई शोभना समर्थ यांनी दिग्दर्शित केलेल्या 'हमारी बेटी' (१९५०) आणि 'छबीली' (१९६०) या दोन्ही चित्रपटांत ती स्नेहल भाटकरांच्या संगीतात स्वतः गायली आहे. गाण्याच्या आतून जाणाऱ्या श्वासाची जाण तिला होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. 'सीमा'मधील (१९५५) जयजयवंतीतल्या गाण्यात तिच्या मानेच्या शिरा तानेबरोबर कशा ताणल्या जातात याची चर्चा रसिकांत आजही होते. ती रास्तच आहे. परंतु तिच्या अभिनयाचा अधिक सूक्ष्म भाग ती गात नाही तेथे आहे, असे मला वाटते.

'सुजाता' सुबोध घोष यांच्या कथेवर आधारलेला आहे. अस्पृश्य आईबापांची पोरकी मुलगी ब्राह्मण अभियंत्याच्या घरात वाढते. घरची बाई तिची ओळख 'मुलगी' अशी न करून देता 'मुलीसारखी' अशी करून देते. हा 'सारखी' हाच चित्रपटाचा विषय होय. मजरूह सुलतानपुरी यांनी लिहिलेल्या गीतांची वाटणीही त्याच न्यायाने झालेली दिसते. सख्खी मुलगी रमा पियानोवर बसून बालपणाचे गाणे गाते. सुजाता त्याच वेळी बाहेर, घरकामात, मुख्यतः गुणगुणून तिला साथ करते. शब्द आतल्या मुलीकडे, नाद बाहेरच्या मुलीकडे. पावसाळी मेघांचे एक एकल गीत तिच्या वाट्याला येते खरे. पण चित्रपटाचा भावकेंद्र म्हणावे असे जे गीत आहे ते तिचे नाहीच. ते अधीरचे आहे आणि तो ते दूरध्वनीवरून गातो.

या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. तलत महमूद यांचा कंप पावणारा आवाज तारेच्या एका टोकाला, सुजाता दुसऱ्या टोकाला. ती काही बोलत नाही. कॅमेरा पुनःपुन्हा तिच्याकडे येतो. कानाशी धरलेला श्रवणक, त्यावरची बोटे, खाली झुकलेली नजर, आणि हळूहळू भरून येणारे डोळे: एवढ्याच सामग्रीवर नूतन संपूर्ण गाणे तोलून धरते. प्रेक्षक गाणे ऐकतो, पण पाहतो ते ऐकणे. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत अश्रू, स्तंभ, वैवर्ण्य हे सात्त्विक भाव; ते ठरवून आणता येत नाहीत, मन एकाग्र झाल्यावाचून ते साधत नाहीत, असे भरताचे म्हणणे. पण आपल्या परंपरेत याहून जवळचा शब्द आहे, तो म्हणजे 'अवधान'. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधानच मागतात. तेथे श्रोता निष्क्रिय नाही; त्याच्या अवधानावाचून वक्त्याचे बोलणे सिद्धीस जात नाही. नूतनचे ऐकणे या अर्थाने अवधान आहे. तिच्यावाचून ते गाणे आकाशवाणीवर ऐकू येणारे एक सुरेल प्रेमगीत एवढेच उरते.

मात्र येथेच एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. सुजाताला ऐकण्याचे सौंदर्य बहाल करताना चित्रपट तिचे बोलणे काढून घेत नाही काय? जातीचा घाव जिच्यावर होतो ती मूक. तिच्याविषयीची करुणा, प्रेम, उपदेश हे सारे इतरांच्या मुखी. चित्रपटात रवींद्रनाथांची 'चंडालिका' रंगमंचावर येते आणि अखेरीस रक्तदानाने हृदयपरिवर्तन घडते. हा गांधीयुगीन आशावाद प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह मराठीत प्रसिद्ध झाला. त्यातील माणसे कोणाच्या करुणेची वाट पाहत ऐकत बसत नाहीत. पदव्युत्तर वर्गात 'सुजाता'विषयी बोलताना हा संग्रह शेजारी ठेवल्याखेरीज चर्चा पुरी होत नाही, असा माझा अनुभव आहे. नूतनचा अभिनय पटकथेच्या या मर्यादेला छेद देतो काय? काही क्षणी देतो. तिच्या गप्प राहण्यात कृतज्ञतेइतकाच एक कोरडा नकारही दिसतो. पण पटकथा त्या नकाराला पुढे वाव देत नाही.

'बंदिनी'त हे ऐकणे अधिक गुंतागुंतीचे होते. जरासंध या टोपणनावाने लिहिणारे चारुचंद्र चक्रवर्ती स्वतः तुरुंगाधिकारी होते. त्यांच्या 'तामसी' या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. यात सात गाणी आहेत. त्यांपैकी कल्याणीच्या तोंडी दोनच, दोन्ही लता मंगेशकर यांच्या आवाजात आणि दोन्ही पूर्वस्मृतीच्या भागात, म्हणजे तिच्या हातून खून घडण्यापूर्वीच्या खेड्यातल्या आयुष्यात. गोरा रंग देऊन रात्रीचा काळोख मागणारे गीत हे गुलजार यांनी लिहिलेले. बाकीची शैलेंद्र यांची. ही मुलगी घरातच गाईल की अंगणात बाहेर पडून गाईल, यावर दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्यात वाद झाल्याची आठवण गुलजार यांनी सांगितली आहे. आजच्या वाचकाला हा वाद क्षुल्लक वाटेल. पण व्यक्तिरेखेचे गाणे तिच्या उंबरठ्याशी बांधलेले असते, हे भान त्यामागे होते.

तुरुंगात कल्याणी एकही गाणे गात नाही. आशा भोसले यांच्या आवाजातली दोन्ही गाणी इतर कैदी स्त्रियांच्या तोंडी आहेत. त्यांतील जात्यावरचे गाणे सर्वांच्या परिचयाचे. वर्गात ते कोणावर चित्रित झाले आहे असे विचारले तर बहुसंख्य विद्यार्थी निःशंकपणे नूतनचे नाव सांगतात! वास्तविक ते गाते दळण दळणारी एक बंदिवान. कल्याणी ते ऐकते. स्मृतीची ही गफलत अर्थपूर्ण आहे. ऐकणाऱ्या चेहऱ्याने गाणे आपल्या नावावर करून घेतले आहे.

हे गीत उत्तरेकडील सावनगीतांच्या वळणाचे: सासरची मुलगी बापाला विनविते की यंदा भावाला मला न्यायला पाठव. मराठी वाचकाला याची ओळख करून द्यावी लागत नाही. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून सरोजिनी बाबर यांच्या संकलनांपर्यंत आणि पुढे इंदिरा संतांच्या 'मालनगाथे'पर्यंत भाऊराया, माहेर आणि वाट पाहणे हाच जात्यावरच्या ओवीचा गाभा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओवीची श्रवणव्यवस्था. जात्याचा खुंटा दोघी धरतात, एक ओवी सोडते, दुसरी ती उचलते किंवा नुसती ऐकते. एकीचे दुःख दुसरीच्या कानावर पडते आणि तिचेच होते. बिमल रॉय यांनी हीच व्यवस्था तुरुंगाच्या भिंतीआड नेली. फरक एवढाच की गाण्यातील स्त्री ज्या बापाला हाक मारते तसा बाप कल्याणीला उरलेला नाही. ती घर सोडून गेल्यानंतर तिच्या शोधात निघालेला बाप अपघातात मरण पावला आहे. दुसरीची विनवणी तिच्यापर्यंत पोहोचते ती अशी, उत्तर देणारा नसलेल्या घरापर्यंत पोहोचावी तशी. नूतन येथे रडण्याचे कोणतेही ठळक चिन्ह योजत नाही. डोळे कोठेतरी दूर स्थिर, देह जवळजवळ निश्चल. कमल बोस यांचे कृष्णधवल छायालेखन भिंतींच्या सावल्यांत तिला बसवते. बाकीचे काम चेहरा करतो.

खुनाच्या प्रसंगात तर गाणे नाहीच. शेजारी चाललेल्या कामाचे घणाचे ठोके आणि सांधकामाच्या ठिणग्यांचा तिच्या चेहऱ्यावर पडणारा, विझणारा प्रकाश, एवढेच. तेथेही ती ऐकतेच आहे. परंतु जे ऐकू येते त्यात माणसाचा आवाज नाही.

अखेरच्या प्रसंगात सचिनदेव बर्मन स्वतः गातात. आगबोटीच्या धक्क्यावर एकीकडे डॉक्टर देवेंद्रबरोबरच्या नव्या आयुष्याची आगगाडी, दुसरीकडे आजारी विकासला घेऊन निघणारी बोट. पलीकडच्या तीरावर नेण्याची नावाड्याला केलेली आळवणी कानावर पडत असते. आजवर ऐकून स्तब्ध होणारी कल्याणी या वेळी ऐकता ऐकता धावत सुटते. ज्याच्यामुळे तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले त्याच्याकडेच ती परतते, म्हणून हा शेवट स्त्रीवादी समीक्षेला खटकतो आणि तो खटकणे योग्यही आहे. पण पडद्यावर दिसते ते शरणागतीचे पाऊल नव्हे. फळी काढली जात असताना बोटीवर चढणाऱ्या त्या देहात एक अधीर वेग आहे, आणि तिच्या तोंडी, येथेही, गाण्याचा एकही शब्द नाही.